संघाची यादी

धानाची कापणी-मळणी आटोपली की आमच्या कुरखेडा तालुक्यात मंडई, शंकरपट, नाटक आणि कबड्डी असा सगळा हंगाम एकदमच सुरू होतो. दिवसा पट, रात्री नाटक, आणि या दोहोंच्या मधल्या वेळात कबड्डीचे सामने. रिकाम्या बांधीतले धसकट काढून जमीन चोपतात, चुन्याच्या रेघा मारतात, चार बांबूंना दिवे टांगतात, की झाले मैदान.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गावच्या स्पर्धेला गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही; का ते पुढे कळेल. नारळ फुटला, पाहुण्यांचे हारतुरे झाले. मग निवेदकाने चकमकीत मारल्या गेलेल्या गावच्या पोलीस जवानाचे नाव घेऊन सर्वांना दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायला सांगितले. माझ्या शेजारी मंडळाचे जुने व्यवस्थापक उभे होते. वय सत्तरीच्या पुढे. सारे गाव त्यांना काकाजी म्हणते. लोक खाली बसले तसे ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "आमच्या टीममधले तीन पोट्टे गेले, भाऊ. नाव एकाचंच घेतेत."

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर काचेच्या चौकटीत संघाचा फोटो होता. बारा मुले, मध्ये ढाल, मागे शाळेची भिंत. काकाजींनी बोटाने तिघे दाखवले. उजव्या कोपऱ्याला खेळणारा पोलीस दलात गेला आणि चकमकीत मारला गेला. चढाई करणाऱ्या दुसऱ्याला, तो खबऱ्या आहे अशा संशयावरून, एका रात्री घरातून उठवून नेले आणि सकाळी त्याचे प्रेत रस्त्यावर मिळाले. तिसरा राखीव खेळाडूंत बसलेला, वयाने सर्वांत लहान. तो दलममध्ये गेला. त्याच्या मरणाची बातमीसुद्धा घरी उशिरा पोहोचली.

तिघे एकाच ढालीमागे बसले होते. मृत्यूनंतर तिघांच्या तीन याद्या झाल्या, आणि त्यांतली एकच मोठ्याने वाचली जाते. संघ म्हणून या मुलांची यादी करायची झाली तर ती कशी करावी, असा काकाजींचा साधा प्रश्न होता. मला उत्तर देता आले नाही. म्हणून ज्या संघांनी आपले खेळाडू युद्धात गमावले त्यांनी काय केले, हे शोधायला लागलो.

*

या विषयावर सर्वांत जास्त माहिती मिळते ती स्कॉटलंडच्या राजधानीतल्या, एडिंबरातल्या हार्ट ऑफ मिडलोथियन या फुटबॉल क्लबविषयी. लोक त्याला नुसते 'हार्ट्स' म्हणतात. १९१४च्या हंगामात या संघाने पहिले आठही सामने जिंकले होते आणि विजेतेपद त्यांचेच असे सगळे धरून चालले होते. त्याच ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. तरुण माणसे आघाडीवर मरत असताना धडधाकट खेळाडू पैसे घेऊन चेंडू लाथाडतात, अशी टीका वृत्तपत्रांतून होऊ लागली. एडिंबराच्या एका वृत्तपत्रात तर या क्लबला भित्रेपणाचे निदर्शक असलेले पांढरे पीस जोडून नवे नाव द्यावे, असे सुचवणारे पत्र छापून आले.

नोव्हेंबर १९१४मध्ये सर जॉर्ज मॅक्रे यांनी एडिंबरात नवी बटालियन उभारायला घेतली आणि हार्ट्सचे अकरा खेळाडू एकदमच भरती झाले. त्यांच्या मागोमाग क्लबचे शेकडो पाठीराखे आणि इतर अनेक क्लबांचे खेळाडूही आले. ही रॉयल स्कॉट्सची १६वी बटालियन; पण लोकांच्या तोंडी ती 'मॅक्रेची बटालियन'च राहिली. खेळाडू दिवसा कवायत करीत, रात्री कूच करीत आणि शनिवारी सामना खेळत. थकलेल्या संघाच्या हातून विजेतेपद निसटले. सेल्टिक क्लब चार गुणांनी पुढे गेला.

१ जुलै १९१६ला फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मेले. मॅक्रेची बटालियन काँतालमेझाँ या खेड्याच्या दिशेने पुढे गेली होती. डंकन करी, अर्नेस्ट एलिस आणि हॅरी वॉटी हे हार्ट्सचे तीन खेळाडू त्याच दिवशी गेले. जेम्स बॉइड पुढच्या महिन्यात गेला. जेम्स स्पीडी त्याआधीच, सप्टेंबर १९१५मध्ये, लूच्या लढाईत दुसऱ्या पलटणीतून लढताना मारला गेला होता. जॉन अॅलन एप्रिल १९१७मध्ये गेला. सातवा टॉम ग्रेसी, संघाचा मधला आघाडीवीर. त्याला शत्रूची गोळी लागलीच नाही. ऑक्टोबर १९१५मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात तो रक्ताच्या कर्करोगाने वारला.

सात म्हणजे आपल्या कबड्डीचा मैदानात उतरणारा एक पूर्ण संघ.

क्लबने एडिंबराच्या हेमार्केट भागात घड्याळाचा मनोरा उभारला. ९ एप्रिल १९२२ला त्याचे अनावरण झाले, तेव्हा हजारोंची गर्दी लोटली होती. ट्रामच्या कामासाठी २००९मध्ये हा मनोरा हलवावा लागला आणि २०१३मध्ये तो परत आणून बसवला. दर नोव्हेंबरात पाठीराखे तिथे जमतात. काँतालमेझाँलाही बटालियनचे स्मारक करावे, असे १९१९मध्येच ठरले होते, पण ते राहून गेले. जॅक अलेक्झांडर या अभ्यासकाने जुन्या सैनिकांच्या घरी जपलेली पत्रे, छायाचित्रे आणि आठवणी गोळा करून बटालियनचा इतिहास लिहिला; त्यानंतर लोकवर्गणीतून २००४मध्ये तिथे दगडांचे स्मारक उभे राहिले. ठरल्यापासून व्हायला पंच्याऐंशी वर्षे लागली.

लंडनच्या क्लॅप्टन ओरिएंट क्लबची हकीकत अशीच आहे. डिसेंबर १९१४मध्ये फुटबॉलपटूंसाठी मिडलसेक्स रेजिमेंटची १७वी बटालियन निघाली, तेव्हा या क्लबचे खेळाडू, कर्मचारी आणि पाठीराखे मिळून ४१ जण तिच्यात गेले. विल्यम जोनास, जॉर्ज स्कॉट आणि रिचर्ड मॅकफॅडन हे तीन खेळाडू १९१६मध्ये सोमच्या लढाईत गेले. जोनास आणि मॅकफॅडन बालमित्र. जोनास खंदकातून बाहेर पडताच मारला गेला, हे क्लबला कळले ते मॅकफॅडनच्या पत्रातून. तीन महिन्यांनी मॅकफॅडनही गेला. त्यांचे स्मारक फ्रान्समधल्या फ्लेर गावी २०११मध्ये झाले, तेही पाठीराख्यांच्या पैशातून.

हे वाचताना माझे लक्ष एका वेगळ्याच गोष्टीकडे गेले. ग्रेसी आजाराने गेला, तरी तो सातांत आहे. बॉब मर्सर हा हार्ट्सचाच खेळाडू युद्धात विषारी वायूने फुप्फुसे निकामी होऊन परतला आणि १९२६मध्ये एका मैत्रीच्या सामन्यात मैदानावरच कोसळून मेला. पॅडी क्रॉसन हा बचावपटू सोमच्या लढाईतून वाचला, पण त्याचीही छाती वायूने पोखरली होती. १९३३मध्ये तो गेला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. हे दोघे सातांत धरले जात नाहीत. मर्सरला युद्धाने मारले नाही असे म्हणता येईल काय? तरीही क्लबच्या इतिहासात दोघांचीही नावे जिव्हाळ्याने येतात, कारण पाठीराख्यांच्या लेखी ते आधी आपले खेळाडू आहेत. युद्धात कामी आलेल्यांची यादी एका ठिकाणी थांबते. खेळाडूंची यादी तिथे थांबत नाही. काकाजींच्या प्रश्नाचे पहिले सूत्र मला इथे सापडले.

*

त्याच युद्धात आपलीही माणसे होती. सुमारे तेरा लाख हिंदी सैनिक व कामगार समुद्रापार गेले आणि सत्तर हजारांहून जास्त परतले नाहीत. मराठी मुलखाचा मोठा संबंध आला तो आजच्या इराकशी, तेव्हाच्या मेसोपोटेमियाशी. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तैग्रिस नदीच्या काठी कूत-अल-अमारा इथे वेढली गेली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७वी मराठा या पलटणी त्यात होत्या. उपासमार, रोगराई, शरणागती आणि नंतर कैदेतले मरण, असा त्यांचा शेवट झाला.

या आघाडीवर मेलेल्या आणि थडगे माहीत नसलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. पण ती वाचायची कशी? ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली आकडा आहे. एडिंबराच्या हॅरी वॉटीचे नाव आणि मैदानावरची जागा शंभर वर्षांनंतरही सांगता येते. साताऱ्याचा किंवा रत्नागिरीचा शिपाई बसऱ्याच्या दगडावर कितीपैकी एक एवढाच आहे.

युद्धातल्या थडग्यांसाठी १९१७मध्ये जो आयोग स्थापन झाला, त्याचे तत्त्व होते की हुद्दा, वंश, धर्म असा भेद न करता प्रत्येक मृताची आठवण सारखीच राखायची. त्याच आयोगाने २०२१मध्ये आपल्या जुन्या कारभाराची चौकशी करून अहवाल दिला. मुख्यतः आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा किमान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावानिशी, किंवा कदाचित कसलीच, नोंद झाली नाही, असे त्यात कबूल केले आहे. जगातल्या सर्वांत पद्धतशीर यादीची ही स्थिती होती.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. घरटी सैनिक असल्याने त्याला 'अपशिंगे मिलिटरी'च म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण गेले आणि सरकारने गावात त्यांच्या नावे स्मारक उभारले. गावात ती घराणी आहेत, आडनावे आहेत, त्यामुळे तिथे ४६ हा नुसता आकडा राहत नाही. माणसे एकमेकांना ओळखतात अशा लहान जागी आकड्याला नाव फुटते. गाव, शाळा, संघ या तशा जागा आहेत.

शाळेचे उदाहरण अलीकडचे आहे. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ला काश्मीरमधल्या कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना गेले. देशाला ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर म्हणून माहीत झाले; त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. साताऱ्याच्या सैनिकी शाळेला मात्र ते फुटबॉलचे गोलरक्षक, मुष्टियोद्धा आणि घोडेस्वार म्हणूनही आठवतात. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. पहिलीत त्यांचे मरण सांगितले जाते, दुसरीत त्यांचे असणे.

*

आता आमच्याकडे येतो. सरकारी कागदांत आमच्याकडच्या संघर्षाला युद्ध म्हणत नाहीत. नक्षलवादी चळवळ १९८०च्या सुमारास या जंगलात आली. गडचिरोली जिल्हा त्यानंतर, २६ ऑगस्ट १९८२ला, चंद्रपूरपासून वेगळा झाला. १९९०मध्ये पोलिसांनी सी-६० हे विशेष पथक उभारले आणि त्यात जंगल, वाटा, गोंडी-माडिया बोली जाणणारी इथलीच मुले घेतली. त्यामुळे लढणारे दोन्ही बाजूंचे बहुतेक हात एकाच मातीतले झाले. २००९ हे वर्ष फार वाईट गेले. फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलीस मारले गेले, मे महिन्यात हत्तीगोट्याला पाच महिलांसह १६, ऑक्टोबरात लाहेरीला १७.

आणि १ मे २०१९. आदल्या रात्री आमच्या तालुक्यातल्या दादापूरला रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून अधिक वाहने जाळण्यात आली. दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याचे शीघ्र कृती दल खासगी गाडीने तिकडे निघाले. जांभुळखेड्याजवळ लेंढारी नाल्याजवळ भूसुरुंग फुटला. १५ जवान आणि गाडीचा चालक जागीच गेले. पंधरा जवानांची नावे त्या वेळी सगळीकडे छापून आली. चालकाचा उल्लेख बहुतेक वेळा 'आणि एक चालक' असाच झाला. बसऱ्याच्या दगडावरचा आकडा मला त्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवत होता.

या सगळ्याचा मैदानाशी फार जवळचा संबंध आहे. आमच्या मुलांना सरकारी नोकरीचा सर्वांत सरळ रस्ता म्हणजे पोलीस भरती. तिथे सोळाशे मीटर धावायचे, शंभर मीटर धावायचे, गोळा फेकायचा. म्हणून जो चांगला कबड्डीपटू, तो पहाटे रस्त्यावर धावताना दिसतो. दलमलाही न थकणारे पायच हवे असतात. दोन्हींकडची माणसे एकाच मैदानातून निघाली, यात नवल काही नाही.

याद्या मात्र वेगळ्या. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस गेले, त्या दिवसाचे हे स्मरण. वर्षभरात देशात कर्तव्यावर मरण पावलेल्या पोलिसांची नावे त्या दिवशी वाचली जातात. दुसरीकडे २८ जुलैपासून नक्षलवादी आपला सप्ताह पाळत आले. जंगलात त्यांनी लाल रंगाची स्मारके उभारली आणि पोलिसांनी ती पाडली. खबऱ्या ठरवून मारलेल्या गावकऱ्यांची नावे वाचण्याचा मात्र कोणताच ठरलेला दिवस नाही.

२१ ऑक्टोबरला आमच्या भागात आणखी एक आठवण असते. १८५८मध्ये याच तारखेला बाबुराव शेडमाके यांना चंद्रपुरात फाशी दिले गेले. मोलमपल्लीचे हे तरुण गोंड जमीनदार इंग्रजांविरुद्ध उठले होते. तेव्हाच्या सरकारच्या यादीत ते गुन्हेगार होते. आज गडचिरोली पोलीस दल गावोगावच्या तरुणांसाठी वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डी स्पर्धा भरवते. म्हणून आजचा प्रत्येक बंडखोर उद्याचा वीर ठरेल, असे मुळीच नाही. निरपराध माणसांना घरातून ओढून मारणाऱ्यांना कोणता इतिहास गौरवील, असे मला वाटत नाही. मी एवढेच म्हणतो की सरकारी यादी ही त्या त्या काळच्या सरकारची असते, आणि ती तशीच असणार.

*

इथवर आल्यावर मी काकाजींकडे परत गेलो. माझे म्हणणे त्यांच्यापुढे मांडले ते असे. गौरव आणि आठवण या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. गौरवाला निवड करावीच लागते. कोण कशासाठी मेला, हे पाहावे लागते. गावाच्या जवानाला दोन मिनिटे उभे राहून मान दिला जातो तो योग्यच आहे. त्यात दलममध्ये गेलेल्याचे नाव घालणे हा त्या जवानाच्या घरावर अन्याय होईल, आणि खबऱ्या म्हणून मारल्या गेलेल्याच्या घरावर तर त्याहून मोठा. पण संघाची यादी हा गौरव नाही. कोण कोण खेळले, कुठल्या जागी खेळले, एवढीच तिची कसोटी. त्या कसोटीला तिघेही उतरतात. ग्रेसी कशाने मेला हे पाहून हार्ट्सने त्याला मधल्या आघाडीवरून काढले नाही, आणि मर्सर सातांत नाही म्हणून तो खेळाडू नव्हता असे कोणी म्हटले नाही.

काकाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याची माय येते ना सामन्याले. मागं बसते. कोनी तिच्याशी बोलत नाही." तिसऱ्या मुलाविषयी ते बोलत होते. आणि थोड्या वेळाने म्हणाले, "आन् जवानाची मायबी येते. तिले वाईट वाटलं तं?"

यावर माझ्याकडे पुस्तकातले उत्तर नव्हते. आम्ही दोघे आधी जवानाच्या घरी गेलो. त्याच्या आईने फोटो हातात घेतला, मुलाच्या चेहऱ्यावरची धूळ पदराने पुसली आणि विचारले, सगळ्यांचीच नावे लिहिणार ना? तिला तो मुलगा आठवत होता. सामन्याच्या दिवशी दोघे तिच्याच घरी जेवून जायचे. पुढे ती म्हणाली, नाव लिहा, पण हार घालू नका. जो फरक मांडायला मला इतकी पुस्तके लागली, तो तिने एका वाक्यात सांगितला होता. मग उरलेल्या दोन घरीही जाऊन आलो. नाही कोणीच म्हटले नाही.

मंडळाने जुन्या फोटोची मोठी प्रत काढून घेतली. खाली उभे राहण्याच्या क्रमाने बारा नावे लिहायची होती. जगात नसलेल्यांच्या नावापुढे 'कै.' लिहावे की नाही, यावर मंडळाच्या पोरांत चर्चा झाली. काकाजींनी ते लिहू दिले नाही. फोटो काढला तेव्हा सगळे जिवंत होते, असे ते म्हणाले. त्याऐवजी प्रत्येक नावापुढे जागा लिहायला लावली. उजवा कोपरा. चढाई. राखीव.

पुढच्या हंगामात तो फोटो गुणलेखकाच्या टेबलामागे टांगलेला होता. निवेदकाने नेहमीप्रमाणे जवानाचे नाव घेतले, सगळे दोन मिनिटे उभे राहिले, आणि पहिला सामना सुरू झाला. मध्यंतरात काही मुले फोटोसमोर उभी राहून नावे वाचत होती. एकाने काकाजींना विचारले, या राखीववाल्याला कधी खेळायला मिळाले की नाही?

"एकदा," काकाजी म्हणाले. "मालेवाड्याच्या सामन्यात. पाच मिनिटं. दोन गुन आनले त्यानं."